रंगयोजना, मजकूर-संपादकातील
संगणकावर मजकूर अथवा आज्ञावली लिहिण्याच्या साधनात (मजकूर-संपादकात) पार्श्वभूमी, अक्षरे, निवडलेला भाग आणि भाषेचे निरनिराळे घटक यांना नेमून दिलेल्या रंगांचा संच. व्यवहारात तिला ‘थीम’ म्हणतात. मजकुराची रचना रंगाने दाखविण्याची कल्पना जुनीच आहे. हस्तलिखित पोथ्यांत दंड व अध्यायसमाप्ती हिंगुळाने लिहीत, ती याच हेतूने. मात्र तेथे रंग लेखनिक ठरवी. थीममध्ये तो वाचणारा ठरवितो.

प्रारंभी हा अधिकार कोणासच नव्हता. ऋण किरण नलिकेच्या एकरंगी पडद्यावर अक्षरांचा रंग आतील प्रस्फुरक द्रव्यावर अवलंबून असे. काही द्रव्ये हिरवा, तर काही पिवळसर नारिंगी प्रकाश देत. काळ्या पडद्यावरील हिरवी अक्षरे ही त्यामुळे आवड नसून अपरिहार्यता होती. १९७९ मध्ये आय.बी.एम. कंपनीचे ३२७९ हे रंगीत टर्मिनल आले. पुढे रंगीत टर्मिनलांवर आठ मूळ रंगांची प्रमाणित संकेतावली रूढ झाली.

रंगाचा रचनेशी सांधा जोडणारा महत्त्वाचा प्रयोग आज्ञावलीसाठी नव्हे, तर शब्दकोशासाठी झाला, ही गोष्ट कोशकारांना विशेष वाटावी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संगणकीकरणासाठी माइक काउलिशॉ यांनी १९८५ मध्ये ‘लेक्स’ हा संपादक तयार केला. मजकूर टंकित होत असतानाच तो त्याची फोड करी आणि नोंदीतील घटक निराळ्या रंगांत व अक्षरवळणांत दाखवी. हजारो नोंदी तपासणाऱ्याला एखादी खूण चुकीच्या जागी पडल्याचे यामुळे रंगावरूनच कळू शके. १९९० नंतरच्या दशकात ही सोय सार्वत्रिक झाली. ‘व्हिम’ या संपादकात ती १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आली.

रंग आणि व्याकरण यांची फारकत हा यापुढील टप्पा, आणि थीमचा खरा इतिहास येथून सुरू होतो. मॅक संगणकासाठी २००४ मध्ये निघालेल्या ‘टेक्स्टमेट’मध्ये भाषेचे नियम मजकुरातील घटकांना केवळ नावे देत : हा राखीव शब्द, ही टिप्पणी, हे अवतरण. कोणत्या नावाला कोणता रंग, हे वेगळी धारिका सांगे. त्यामुळे एकदा रचलेली योजना अनेक भाषांना लागू पडू लागली. वापरणाऱ्यांनी शेकडो योजना रचून एकमेकांना दिल्या. विमर हाझेनबर्ग या डच संकल्पकाची ‘मोनोकाय’ (२००६) त्यांतलीच होय. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’नेही (२०१५) हीच पद्धती उचलली.

बहुतेक योजना डोळ्याला बऱ्या वाटतील अशा अंदाजाने बेतल्या गेल्या. ईथन शूनओव्हर यांची ‘सोलराइझ्ड’ (२०११) याला अपवाद आहे. तिच्यातील सोळा रंगांपैकी आठ पार्श्वभूमी व साध्या मजकुरासाठी असून आठ उठावाचे आहेत. ते मानवी दृष्टीला जाणवणाऱ्या उजळपणाच्या मापाने निवडलेले आहेत. फिकी व गडद अशी दोन रूपे असून एकातून दुसऱ्यात जाताना छटांमधील उजळपणाचे अंतर कायम राहते. रचना म्हणून हे काम उत्कृष्ट आहे. तथापि सौम्यतेची किंमत वाचनीयतेने मोजावी लागली. फिक्या रूपातील मूळ मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर सुमारे ४.१ भरते. आंतरजालावरील मजकुरासाठी २००८ मध्ये ठरलेल्या सुगम्यतेच्या निकषांत, साधारण आकाराच्या अक्षरांना ते किमान ४.५ असावे, असे म्हटले आहे.

गडद पार्श्वभूमी आज पुन्हा लोकप्रिय आहे, पण आता ती निवडीने येते. ती डोळ्यांना हितकर असल्याचा समज मात्र तपासून घेण्यासारखा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधकांच्या प्रयोगांत तरुण व वृद्ध या दोन्ही गटांना फिक्या पार्श्वभूमीवरील गडद अक्षरेच अधिक अचूक वाचता आली. अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा खुपतो, हे अर्थात खरेच. यूरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातील भेद नीट ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी निळा व नारिंगी या जोडीवर आधारलेल्या किंवा रंगाबरोबरच ठळक व तिरप्या अक्षरांचा आधार घेणाऱ्या योजना केल्या जातात.