डकटेल्स (व्हिडिओ गेम) : समीक्षकांचा प्रतिसाद

डिस्नेच्या ‘डकटेल्स’ या कार्टून मालिकेवर बेतलेला प्लॅटफॉर्म गेम. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९८९ मध्ये निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिमसाठी काढला; पुढच्या वर्षी गेम बॉय आवृत्ती आली. मूळ मालिका अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झाली होती. नव्वदच्या दशकात दूरदर्शनमुळे ती भारतातही हिंदीतून घरोघरी पोहोचली.

चित्रपट-मालिकांच्या परवान्यावर काढलेल्या गेमना तेव्हा फारशी पत नव्हती. अटारीच्या ‘ई.टी.’ची (१९८२) फजिती ताजी होती. ‘डकटेल्स’ या समजाला अपवाद ठरला आणि त्याचे बरेचसे श्रेय एका उडीला जाते. कंजूष धनकुबेर स्क्रूज मॅकडक आपली काठी जमिनीवर टेकवून तिच्यावरच उसळतो. शत्रूला चिरडायचे, काटे ओलांडायचे, लपलेले हिरे शोधायचे, सगळे याच एका हालचालीने. अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतील खाणी, हिमालय आणि चंद्र ही पाच ठिकाणे हव्या त्या क्रमाने खेळता येतात, हेही वाखाणले गेले. गेम लवकर संपतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. कॅपकॉमच्या आकडेवारीनुसार पहिल्या आवृत्तीच्या सुमारे १६.७ लाख आणि गेम बॉय आवृत्तीच्या सुमारे १४.३ लाख प्रती खपल्या.

हिरोशिगे तोनोमुरा यांच्या संगीतातील चंद्राची धून विशेष गाजली. आठ-बिट यंत्राच्या मोजक्या स्वरांतून इतकी हुरहुर उभी राहावी, याचे कौतुक अजून ओसरलेले नाही. २०१७ च्या नव्या मालिकेत तिला शब्द देऊन अंगाईगीत करण्यात आले. परवान्यावरच्या गेमने मूळ मालिकेच्या पुढल्या अवताराला काही द्यावे, हे विरळाच.

वेफॉरवर्डने घडवलेल्या ‘डकटेल्स : रीमास्टर्ड’बद्दल (२०१३) मात्र मतभेद झाले. हाताने काढलेली पात्रे, जेक कॉफमन यांनी नव्याने बांधलेले संगीत आणि नव्वदी ओलांडलेल्या अॅलन यंग यांनी स्क्रूजला पुन्हा दिलेला आवाज यांना भरभरून दाद मिळाली. खटकले ते संवाद. मूळ गेममध्ये बोलणे अगदी तुटपुंजे होते. इथे दर थोड्या वेळाने खेळ थांबवून कथा सांगितली जाते. प्रसंग ओलांडून पुढे जाण्याची सोय असूनही लय मोडते. काही टप्प्यांत ठरावीक वस्तू गोळा केल्याशिवाय वाट मोकळी होत नाही, त्यामुळे जुना मोकळेपणाही आटला. प्राण संपल्यावर टप्पा मुळापासून खेळायला लावणारी जुनी शिस्त काहींना जाचक, तर काहींना इमानदार वाटली. १९८९ च्या आराखड्याला २०१३ मध्ये किती हात लावायचा, हा वाद रीमास्टर्डला मिळालेल्या स्तुतीतही आहे आणि टीकेतही. २०१७ च्या ‘द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’ या संचात कॅपकॉमने मूळ गेम जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. भर घातली ती चूक झाल्यास खेळ मागे नेण्याच्या सोयीची.