आधी झाडं, मग बांधकाम

सोसायटीच्या पंचविशीनिमित्त एका छोट्या वास्तूचा इतिहास सांगावासा वाटतो. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, युरेका स्प्रिंग्ज गावाजवळच्या रानात थॉर्नक्राउन नावाचं प्रार्थनागृह आहे. जिम रीड या निवृत्त शिक्षकांच्या जागेत, निसर्ग बघायला थांबणाऱ्या वाटसरूंसाठी ते १९८० साली उभं राहिलं. वास्तुविशारद फे जोन्स हे फ्रँक लॉइड राइट यांचे शिष्य.

लांबी ६० फूट, रुंदी २४, उंची ४८ आणि खिडक्या तब्बल ४२५! आत बसलं तरी चहूकडे रानच दिसतं. जोन्स यांचा नियम साधा होता: दोन माणसांना पायवाटेनं उचलून नेता येईल, एवढाच लाकडी वासा वापरायचा. मग रानातून मोठा रस्ता काढायला नको, की झाडं तोडायला नकोत. काळाच्या कसोटीला उतरलेल्या वास्तूंना अमेरिकन वास्तुविशारदांची संस्था ‘पंचवीस वर्षे पुरस्कार’ देते. २००६ मध्ये तो थॉर्नक्राउनला मिळाला.

आपल्या येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगसाठी मागची झाडं काढण्याचा विषय आहे. सभासदांना माझी एवढीच विनंती: नकाशावर आधी झाडं मांडू या, मग गाड्यांचं बघू.