घन की पातळ? टँकरवरच्या चार आकड्यांची गोष्ट

चिपळूणहून खेडकडे निघालं की वाशिष्ठीचा पूल, मग परशुराम घाट, आणि घाट चढून गेलं की लोटे-परशुरामची एमआयडीसी. रसायनांचे कारखाने तिथे, त्यामुळे टँकर आपल्या रोजच्या बघण्यातले. टँकर म्हटलं की आत पातळ माल असणार, असं आपण धरूनच चालतो. पण तसं दरवेळी नसतं.

गंधक घ्या. पिवळे खडे, अगदी घन. पण साधारण ११५ अंशांना ते वितळतं, आणि कारखान्यांना तसंच हवं असतं, पंपाने ओढता येतं म्हणून. मग ते गरम ठेवून टँकरमधून नेतात. गंमत बघा, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गंधकाला दोन नंबर आहेत. घन गंधक १३५०, वितळलेलं २४४८. डांबराच्या गोळ्यांचं नॅप्थलीन, त्याचंही तेच: १३३४ आणि २३०४. पदार्थ एकच, पण वितळलेला माल सांडला तर वाहत जातो, अंगावर उडाला तर भाजतो. खडे सांडले तर फावड्याने भरता येतात.

ही यादी आली कुठून? आधी मुंबईत जाऊ. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या होत्या. कापूस म्हणजे काय, बिचारा निरुपद्रवी माल! आग लागली, लागोपाठ दोन मोठे स्फोट झाले. अग्निशमन दलाचेच ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तीन वर्षांनी, १९४७च्या एप्रिलमध्येच, अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेट खताने भरलेलं जहाज उडालं. पोत्यांतलं खत, घन माल. सुमारे सहाशे माणसं गेली.

या दुर्घटनांमुळेच यादी झाली, असा सरळ धागा मी जोडणार नाही. पण त्या पिढीला एवढं कळून चुकलं होतं की माल दिसतो कसा यावरून धोका ठरत नाही. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या पहिल्या शिफारशी आल्या, आणि १९५७ मध्ये जिनिव्हात युरोपीय देशांचा रस्त्यावरच्या धोकादायक मालाबद्दलचा करार झाला. तो लागू व्हायला मात्र १९६८ उजाडलं.

या नियमांत घन आणि द्रव यांची रेघ २० अंशांवर आहे. त्या तापमानाला किंवा त्याखाली वितळायला लागतो तो द्रव. म्हणजे आपलं खोबरेल, जे साधारण २४ अंशांना वितळतं, ते नियमाने घन ठरेल! काकवीसारखा चिकट माल असेल तर? त्यालाही चाचणी आहे. डबा ३८ अंशांवर ठेवायचा, उलटा करायचा, आणि तीन मिनिटांत माल ५० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली ओघळला तर द्रव. मला हे फार आवडतं, स्वयंपाकघरातला प्रयोग वाटतो.

युरोपच्या करारात टाकीच्या सांकेतिक नावाचं पहिलं अक्षरही यावरच ठरतं. ‘एस’ची टाकी पूड किंवा दाण्यांसाठी, ‘एल’ची द्रवासाठी. वितळवून भरलेला घन माल ‘एल’मध्ये जातो. टाकीला रसायनशास्त्राच्या पुस्तकाशी देणंघेणं नाही, भरताना माल कसा आहे एवढंच बघायचं.

घन धोकादायक मालाचा मुख्य वर्ग चौथा. त्यात ४.१ म्हणजे सहज पेटणारे, ४.२ आपोआप पेट घेणारे, आणि ४.३ पाणी लागलं की ज्वालाग्राही वायू सोडणारे. आंबे पिकवण्यासाठी बदनाम झालेलं कार्बाइड या ४.३ मधलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या, २०२१चा पूर बघितलेल्या गावात हा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो.

आपल्याकडे भोपाळनंतर कायदे आले. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाचे नियम १२९ ते १३७ आहेत. गाडीवर पाटी, पाटीवर मालाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा नंबर, आपत्कालीन फोन. चालकाला लिहिता-वाचता यायला हवं, त्याचं प्रशिक्षण व्हायला हवं, मालाची लेखी माहिती केबिनमध्ये हवी. नियम चांगला आहे, पण तो पाटी वाचू शकणाऱ्यांसाठी लिहिलाय. घाटात गाडी उलटली तर बंबाच्या आधी धावतात ते पेढे-परशुरामचे लोक आणि मागून येणाऱ्या एसटीतले प्रवासी. २४४८ म्हणजे काय, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.