शिवडीचे गुलाबी पाहुणे

मंडळी, थंडी पडली की पक्षी बघायला भरतपूरलाच जायला हवं असं नाही. हार्बर लाइनने शिवडीला उतरायचं आणि पूर्वेला बंदराकडे चालत सुटायचं. वाटेत गोदामं, ट्रकांच्या रांगा, तेलकट धूळ. इथे कसले पक्षी, असं वाटतं न वाटतं तोच समोर चिखलात हजारो रोहित माना खाली घालून उभे!

तशी ही जागा पाहुण्यांच्या वाटेवर डोळा ठेवायचीच. इंग्रजांनी 1680 मध्ये टेकडीवर किल्ला बांधला तो टेहळणीसाठी, आणि 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान नेमका इथेच उतरला. पुढे किल्ल्यात कैदी ठेवले, मग त्याचं गोदाम झालं. रोहितांचे मोठे थवे मात्र 1990 च्या दशकापासूनचे. म्हणजे आमच्या पिढीने शाळेत असताना ते मुंबईत पाहिले नाहीत.

का आले? मला यातलं कारणच सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. छोटा रोहित चोच उलटी धरून जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि त्यातलं शेवाळ गाळून खातो. पिसांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. आणि खाडीत हे शेवाळ माजायला आपल्या सांडपाण्याचा हातभार आहे, असं अभ्यासक सांगतात. घाण आपली, मेजवानी त्यांची! खाडी स्वच्छ व्हायलाच हवी, पण झाली तर हे राहतील का?

सरकारने 2015 मध्ये ठाणे खाडीत रोहितांसाठी अभयारण्य केलं, 2022 मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला. शिवडीचा चिखल मात्र त्या हद्दीबाहेर. इथूनच सुरू होणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित एका रात्रीत मेले. त्या बातमीनंतर दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. असो.

जाणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा बरं का. पूर्ण ओहोटीला ते लांब गुलाबी रेघेसारखे दिसतात. पाणी चढायला लागलं की मागे सरकत सरकत धक्क्याजवळ येतात, तेव्हा दुर्बीणही लागत नाही. राखाडी दिसतील ती पिल्लं, अजून गुलाबी व्हायची आहेत.