कटला कुठली, चिलापी कुठली?

मासे नव्या समुद्रात कसे पसरतात, हे सांगताना सुएझपासून सुरुवात करावी लागते. १८६९ साली कालवा खुला झाला, तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला. मासे मात्र लगेच पलीकडे गेले नाहीत. वाटेतल्या सरोवरांच्या तळाशी मिठाचा जाड थर होता, तिथलं पाणी फार खारं. बहुतेकांची वाट तिथेच अडायची. हळूहळू मीठ विरघळलं, पुढे आस्वानच्या मोठ्या धरणाने नाईलच्या पुराचं गोडं पाणीही रोखलं. आज तांबड्या समुद्रातले शेकडो जीव भूमध्य समुद्रात नांदताहेत.

वणीला समुद्र नाही. आपल्याकडे निर्गुडा, आणि पुढे वर्धा. इथे परका मासा पोहत आला नाही, माणसाने आणून सोडला. आणि पुष्कळदा सरकारी योजनेतून.

बाजारात आपण कटला, रोहू, मृगळ घेतो आणि त्यांना घरचेच समजतो. पण हे मूळचे उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. विसाव्या शतकात ते दक्षिणेच्या नद्यांत, तलावांत सोडले गेले. (त्या शतकाच्या सुरुवातीला, १९०५पर्यंत, आपल्या जिल्ह्याचं नावही वणीवरूनच 'वून' असं होतं, हे जाता जाता.) या तिघांना विणीसाठी वाहतं, पुराचं पाणी लागतं. बांधलेल्या तलावात ते वाढतात, पण विणत नाहीत. म्हणून मत्स्यजिरे नदीतूनच गोळा करावे लागत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवली आणि बोटुकली हवी तेवढी मिळण्याची वाट मोकळी झाली. तरी तलावात दरवर्षी बीज विकत आणून सोडावंच लागतं. तलाव ठेक्याने घेणाऱ्या भोई-ढिवरांच्या सोसायटीला हा खर्च चुकत नाही.

सायप्रिनसला ही अडचण नाही. १९३९ साली तो श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला. तो साचलेल्या पाण्यातही विणतो, आणि खाण्यासाठी तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ करतो.

चिलापीची गोष्ट याहून पुढची. तिलापिया, मूळची मोझांबिककडची, १९५२ साली श्रीलंकेतूनच तमिळनाडूत मंडपमला आली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात. दोन-तीन महिन्यांत ती स्वतः विणायला लागते. तलावात गर्दी झाली की सगळ्याच खुरटतात. जाळं भरतं, पण भाव मिळत नाही! उजनीच्या पाण्यात तिनं काय बस्तान बसवलं, ते भिगवणला जेवायला थांबणाऱ्यांना सांगायला नको.

सगळं वाईटच झालं, असं आम्ही म्हणणार नाही. हिमाचलात १९७१ साली सिल्व्हर कार्प अपघातानेच गोविंदसागरात शिरला. तिथलं एकूण उत्पादन वाढलं, कोळ्यांच्या हाती पैसा आला. कटला मात्र मागे पडली. तोट्याचा हिशेब मांडायचा तर मरळ, शिवडा, देशी मांगूर यांची नोंद आधीपासून हवी. आमच्या मते सगळ्यात मोठी ढिलाई तिथेच झाली. सोडलेल्या बीजाचे आकडे ठेवले गेले, नदीत आधी काय होतं त्याचे फारसे नाहीत. थाई मांगूरवर केंद्राने २०००मध्ये बंदी घातली, तरी तो पुढेही चोरून पाळला गेला.

पावसाळ्यात तलाव सांडव्यावरून वाहतो तेव्हा चिलापी नाल्यात येते. नाल्यातून निर्गुडा, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी. तिथून पुढे बंगालचा उपसागर, आणि चिलापीला खारं पाणीही चालतं.