कापसाची तेजी आणि वऱ्हाडी कुटुंबाचे उत्पन्न : दारव्हा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाच्या नैसर्गिक संपत्तीला बाहेरच्या बाजारात अकस्मात मोल आले म्हणजे तेथील सर्वच घरांचे उत्पन्न वाढते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वऱ्हाडच्या बाबतीत ही संपत्ती म्हणजे काळी कसदार जमीन आणि तिच्यातून निघणारा कापूस होय. एकोणिसाव्या शतकातील कापसाच्या तेजीचा लाभ, कापूस कोणी पिकविला यावर नव्हे, तर विक्रीसाठी थांबण्याची ऐपत आणि वर्षभराची ज्वारी कोणाच्या घरी होती यावर वाटला गेला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी दारव्हा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. हा तालुका तेव्हा वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५ साली त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

तेजीची पार्श्वभूमी

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो कर्जफेड व फौजेच्या खर्चापोटी. मात्र येथील कापसावर इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष त्याआधीपासूनच होते. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस तोवर अमेरिकेतून येत असे. १८६० मध्ये भारताचा वाटा सुमारे १६ टक्के होता. १८६२ मध्ये तो सुमारे ७५ टक्क्यांवर गेला. मुंबईच्या बाजारात भाव कित्येक पटींनी चढले. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या भागभांडवली कंपन्या १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळल्या, हा इतिहास सुपरिचित आहे. 'उमरावती' या व्यापारी नावाने ओळखला जाणारा आमचा कापूस त्या इतिहासात क्वचितच दिसतो, आणि तो वेचणारी बाई तर मुळीच दिसत नाही.

एकाच गावातील निरनिराळी घरे

त्या काळातील इंग्रजी लेखनात नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविणाऱ्या शेतकऱ्यांच्या कथा आढळतात. त्यांतील अतिशयोक्ती वगळली तरी काही खातेदारांच्या घरी रोकड आली, यात शंका नाही. परंतु चांदीची धाव बसविणारा शेतकरी गावात एखादाच असणार.

दारव्ह्याचा कापूस बैलगाड्यांनी कारंज्याच्या किंवा त्याहून दूरच्या बाजारपेठेत जात असे. मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला तो १८६७ साली, म्हणजे तेजी ओसरल्यावर. मुंबईतील चढा भाव आणि शिवारातील भाव यांमधील अंतर वाहतूकदार, अडते व दलाल यांच्या हाती राहणे त्यामुळे अपरिहार्य होते. ज्याने पेरणीपूर्वीच सावकाराकडून उचल घेतली होती, त्याचे पीक उभे असतानाच बांधले गेलेले असे. भाव चढला तरी त्याच्या वहीतील आकडा चढत नसे. उलट, तेजीमुळे सावकाराचा हात सैल झाला. नव्या मोजणी-पद्धतीने जमिनीवर हस्तांतरणीय हक्क दिल्याने ती तारणयोग्य ठरली होती. कर्ज मिळणे सुलभ झाले, ही त्या वेळी प्रगती वाटली. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले तेव्हा चौकशी आयोगाला त्या कर्जांच्या मुळाशी तेजीतील सढळ पतपुरवठाही आढळला.

भूमिहीन घरांची स्थिती अधिक गुंतागुंतीची होती. लोहमार्गाची व सरकारी बांधकामे सुरू असल्याने मजुरीचे दर वाढले, धान्यही महागले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. ज्या सालदाराला मोबदला ज्वारीत मिळे, त्याला महागाईची झळ कमी बसे; रोख मजुरीवर धान्य विकत घेणाऱ्याला ती पुरेपूर बसे. वेचणी करणाऱ्या स्त्रियांना वेचलेल्या कापसाचाच हिस्सा देण्याची रीत होती, म्हणजे भाववाढीचा अंश त्यांच्या ओटीत पडत होता. गरीब म्हणून सर्व एका रांगेत बसविणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

सर्वांत मोठी हानी विणकरांची झाली. कोष्टी आणि जाडेभरडे कापड विणणारे महार यांच्यासाठी कापूस हा कच्चा माल होता. त्याची महागाई हा त्यांच्या दृष्टीने खर्च होता. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्या १८६८-६९ च्या अहवालात तर असे अपेक्षिले आहे की, विलायती कापड स्वस्तात आले म्हणजे स्थानिक सूतकताई बंद पडून तो कापूस निर्यातीस मिळेल आणि विणकर शेतमजुरीस उपलब्ध होतील. धोरणाचा हेतू इतक्या उघडपणे मांडलेला क्वचितच आढळतो.

तेजीनंतर

भाव उतरले, परंतु कापसाखालील क्षेत्र उतरले नाही. कर्ज व सारा रोखीत फेडावयाचा असल्याने ज्वारीकडे परतणे अनेकांना शक्य नव्हते. लांब धाग्याच्या बनी जातीची जागा लवकर येणाऱ्या, आखूड धाग्याच्या जरीने घेतली. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत याचे परिणाम दिसले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. त्या दुष्काळातही प्रांतातून कापूस बाहेर जातच होता.

दारव्ह्याला लोहमार्ग मिळाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गाच्या रूपाने. किलिक निक्सन समूहाच्या कंपनीचा हा मार्ग मुख्यतः कापसासाठी होता. 'शकुंतला' या लाडक्या नावाने लोक तिला ओळखत. आज ती बंद आहे.

२०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना बाजारभाव १०,००० रुपयांच्या पुढे गेला. हा उच्चांक हंगामाच्या उत्तरार्धातील होता. दिवाळीचा खर्च आणि उसनवारी भागविण्यासाठी ज्यांनी आधीच कापूस विकला, त्यांना तो मिळाला नाही. पुढील हंगामात अनेकांनी त्याच आशेने कापूस घरातच ठेवला. भाव उतरत गेले, आणि साठविलेल्या कापसामुळे घरातील मुलाबाळांच्या अंगाला खाज सुटू लागली.