कॅनिस्टरचा प्लग

त्या सोमवारी आमच्या घरातले 19 मासे गेले.

रविवार, 11 ऑक्टोबर 2020, संध्याकाळी 5. मुलुंड. 300, 150 आणि 100 लिटरच्या तीन खाऱ्या टाक्या खालच्या एकाच सम्पला, म्हणजे सामायिक गाळण टाकीला, जोडलेल्या. शेजारी बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर. त्याची धार आठवडाभर बारीक झाली होती. टाक्या एकमेकींपासून तोडता याव्यात म्हणून आणलेले व्हॉल्व्हही पिशवीतच होते. फिल्टर धुणं आणि व्हॉल्व्ह बसवणं, दोन्ही कामं पुढच्या रविवारवर टाकली.

सोमवार, सकाळी 8:30. तापमान 26 अंश, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025. क्लाउनफिशच्या अंड्यांचा आठवा दिवस. नारिंगी रंग जाऊन प्रत्येक अंड्यात दोन रुपेरी डोळे दिसत होते. अंडी दिवे मालवल्यावर फुटतात. बहुधा आजच रात्री. त्या आनंदात माशांना खायला कोळंबी दुप्पट टाकली.

10 च्या सुमारास. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या बहुतेक भागांतली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे, राऊटर. टाक्या नव्हत्या. तासाभरात येईल म्हणून कामाला बसलो.

11:15. बॅटरीचा एअर पंप काढला. सेल गळून आत हिरवट थर साचलेला.

1:30. लहान टाकी 27.5 अंशांवर. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, पाणी तापलं की आणखी कमी. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मगने पाणी उपसून उंचावरून ओतत राहिलो, तिन्ही टाक्यांत आळीपाळीने. नर क्लाउनफिश वर आला नाही. तो पंखांनी अंड्यांवर पाणी ढकलत होता.

4:00. मासे तगून होते. कॅनिस्टरची आठवण झाली नाही. प्रवाह थांबला की त्या बंद डब्यातले जीवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात, मग गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो. प्रवाह थांबून सहा तास झाले होते. प्लग काढून ठेवायला दोन सेकंद पुरले असते.

6:40. वीज आली. इमारतीत टाळ्या वाजल्या. पंप आपोआप सुरू झाले. मी मग खाली ठेवला.

6:43. सडक्या अंड्यांचा वास. तिन्ही टाक्यांत काळपट पाणी.

6:45. प्लग ओढला.

9:30. नर अंड्यांच्या दगडाला टेकून आडवा होता. पंख हलत नव्हते. टॉर्चच्या उजेडात अंड्यांतले डोळे अजून रुपेरी दिसत होते.